‘जादा’ कोणी ठरवायचे?

२८ जुलै २०२५ रोजी नांदणीच्या जैन मठातील महादेवी हत्तीण न्यायालयाच्या आदेशाने जामनगरकडे रवाना झाली आणि ३ ऑगस्टला हजारो माणसे नांदणीहून कोल्हापूरच्या जिल्हाधिकारी कचेरीपर्यंत पायी चालत आली. हत्तिणीने कोठे राहावे याबद्दल मतभेद असू शकतात. पण एका मुक्या जीवासाठी एवढी माणसे रस्त्यावर उतरली, हे या जिल्ह्याला भूषणावहच आहे.

महादेवी गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, २९ जुलैला, जर्मनीतील न्यूरेंबर्गच्या प्राणिसंग्रहालयाने आपल्याकडील १२ धडधाकट बबून माकडे गोळ्या घालून ठार केली व त्यांचे मांस तेथल्याच हिंस्र प्राण्यांना खाऊ घातले. त्या माकडांचा अपराध एवढाच, की २५ जणांसाठी बांधलेल्या जागेत त्यांची संख्या ४० च्या वर गेली होती. २०१४ च्या फेब्रुवारीत कोपनहेगनमध्ये मारियस नावाच्या दीड वर्षाच्या निरोगी जिराफाची हीच गत झाली. त्याला सांभाळण्याची तयारी इतरांनी दाखविली होती, तीही नाकारण्यात आली.

या कृत्याच्या समर्थकांचे म्हणणे असे, की पिलांना जन्म देणे व वाढविणे हा प्राण्यांचा नैसर्गिक व्यवहार आहे. तो रोखला तर कळपाचे आरोग्य बिघडते; म्हणून जन्म होऊ द्यावेत आणि जादा झालेले जीव मारावेत. युक्तिवाद शास्त्रीय दिसतो, पण मुळातच फसवा आहे. पिंजरा बांधला माणसाने, त्याची लांबीरुंदी ठरविली माणसाने, वंशावळीची कोष्टके मांडली तीही माणसानेच. पिलू पाहावयास गर्दी लोटते तोवर ते हवेसे. वाढून जागा अडवू लागले की ते ‘जादा’! गिरणीमालकांच्या तोंडचा हा शब्द आपल्या परिचयाचा आहे. कामगार स्वतःहून कधीच जादा नसतो. मालकाच्या हिशेबात तो जादा ठरविला जातो.

आपल्या देशातील नियम याबाबतीत अधिक शहाणे आहेत. २००९ चे प्राणिसंग्रहालय मान्यता नियम सांगतात, की नर-मादी वेगळे ठेवून किंवा नसबंदी करून संख्या आधीच आवरावी. असह्य वेदनेत तळमळणाऱ्या प्राण्यालाच मरण द्यावे. म्हणजे पैदास करणाऱ्याने जबाबदारी जन्माआधी घ्यावयाची, जन्मानंतर बंदूक घ्यावयाची नाही.

परंतु एवढ्यावर आपली पाठ आपणच थोपटून घेण्याचे कारण नाही. प्राणिसंग्रहालयाच्या कुंपणाबाहेर, आपल्याच दूधपट्ट्यात काय चालते? म्हैस व्याली आणि रेडी झाली तर घरात आनंद. नर रेडकू झाले तर पान्हा सोडविण्यापुरते ते कासेला लावावयाचे, मग ओढून खुंटीला बांधावयाचे. दूध डेअरीत जाते आणि रेडकू काही आठवड्यांत भुकेने मरते. जर्सीच्या गोऱ्ह्याची कथा निराळी नाही. ट्रॅक्टर आल्यापासून तो औताला नको. २०१५ च्या कायदेदुरुस्तीने गोऱ्ह्याबैलांची कत्तल बंद झाल्यामुळे त्याला गिऱ्हाईकही नाही. मग रात्री कोणी तरी त्याला माळावर सोडून येतो. न्यूरेंबर्गवाल्यांनी उघड गोळी घातली. आपण दाव्याला बांधून उपाशी मारतो. यांत अहिंसक कोण?

याचा दोष दोन म्हशींवर संसार ओढणाऱ्या बाईच्या माथी मारणे हा शुद्ध ढोंगीपणा होईल. तिला दुधाचा दर मिळतो तो फॅट पाहून. नर वासराच्या पोटाला काय लागते, हे त्या दरात कोणी धरीत नाही. सरकारने ‘मारू नका’ असा कायदा केला, पण ‘आम्ही पोसतो’ असे म्हटले नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये गोशाळांतील देशी गाईंसाठी दररोज ५० रुपयांचे अनुदान जाहीर झाले. त्यांत संकरित गोऱ्ह्याला वाटा नाही, रेडकाला तर नाहीच. पुण्य सरकारच्या खाती आणि वैरणीचा खर्च शेतकऱ्याच्या खाती, असा हा व्यवहार आहे.

आपली मागणी स्पष्ट असावयास हवी. बहुतांशी मादी वासरेच जन्माला यावीत अशी निवडलेली रेतमात्रा गावोगावच्या लहान दूध उत्पादकाला नाममात्र दरात मिळाली पाहिजे. तरीही जी नर वासरे जन्मतील, त्यांच्या संगोपनाचा खर्च दुधाच्या दरात धरला पाहिजे आणि तो सरकारने, दूध संघांनी व आपण शहरातल्या दूध पिणाऱ्यांनी मिळून सोसला पाहिजे. दूध थोडे महाग होईल, होऊ द्यावे. आजवर ते स्वस्त मिळाले, ते कोणाच्या तरी उपासमारीवर.

महादेवीसाठी जी माणसे चालत आली, त्यांच्यापुढेच आपल्या कार्यकर्त्यांनी हा प्रश्न प्रथम मांडावा. त्यांच्या करुणेची थट्टा करण्यासाठी नव्हे, तर ती गोठ्यापर्यंत नेण्यासाठी. पिंजरा असो वा गोठा, न्याय एकच: जन्मावर ज्याने कमावले, त्यानेच जगण्याचा खर्च उचलावा.