अण्णा नाईकला भूत कोणी केलं?

'रात्रीस खेळ चाले'चं सगळ्यात भयानक पर्व कोणतं? माझं उत्तर: ज्यात भूत सगळ्यात कमी होतं, ते. म्हणजे दुसरं. जानेवारी 2019 ते ऑगस्ट 2020. माधव अभ्यंकरांचा अण्णा नाईक त्यात जिवंत होता, धडधाकट होता, आणि रात्री साडेदहाला तो ओसरीवर येऊन बसला की पोटात गोळा यायचा. लोकांच्या जमिनी लाटणारा, आड आला त्याला संपवणारा, घरात माई असताना शेवंताकडे जाणारा, आणि वर गावात मान मागणारा माणूस. (इथे त्याला मुद्दाम एकेरीत लिहितोय. 'अण्णांना' वगैरे म्हणणाऱ्यांनी पुढचं वाचून मग भांडावं.)

मार्च 2021 मध्ये तिसरं पर्व आलं. अण्णा आणि शेवंता दोघंही भूत होऊन परत आले, आणि माझी भीतीच गेली. कारण साधं आहे. माणूस काय करेल याची भीती वाटते, कारण त्याला दुसरं काही करता आलं असतं. भुताचं काय? ते भूत आहे, म्हणून झपाटतं. संपलं.

तर मुद्दा असा की आपल्या मालिका भुतं दाखवतात ही माझी तक्रारच नाही. खुशाल दाखवा. तक्रार ही आहे की माणसाने केलेलं पाप त्या भुताच्या नावावर चढवतात आणि खातं बंद करतात.

पहिलं पर्व आठवा, 2016 चं. अण्णा मरतो, मुलंबाळं आकेरीच्या त्या वाड्यात जमतात, आणि पुढचा सगळा खेळ वाटणीचा. नवरा गेल्यामुळे माहेरी राहणारी छाया. अण्णा आणि शेवंताची मुलगी सुषमा, जिच्या हक्काबद्दल बोलायचं म्हटलं की सगळ्यांचे चेहरे बदलतात. वकील, कागद, जमीन. अहो, ही कोकणातली खरी भयकथा आहे! आमच्या नाट्यात (गावाचं नावच असं की सप्तमी लावली की नाटक होतं :) ) जाऊन बघा. गणपती आणि शिमग्यापुरती उघडणारी घरं. सातबाऱ्यावर पणजोबांपासूनची नावं, त्यातली अर्धी माणसं मुंबईला, काही वारलेली. आणि बहिणी? 2005 च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतकाच हक्क दिला. पण चहा पाजून, 'तुला काय कमी आहे' म्हणत हक्कसोडपत्रावर त्यांची सही घेतली जाते. या सहीच्या प्रसंगाला पार्श्वसंगीतसुद्धा लागत नाही, इतका तो भीतीदायक असतो.

मालिकेच्या हातात हे सगळं होतं. पण एपिसोड संपवायचा तर कोणीतरी किंचाळलं पाहिजे. मग वाटणी बाजूला राहते आणि खिडकीत सावली येते. निलिमा ही एकटी प्रत्येक गोष्टीचं कारण विचारणारी. तिला लेखकाने तर्क दिले, पण कॅमेरा आणि संगीत कायम दुसऱ्या पार्टीत!

आयटीत काम करणाऱ्यांना हे लगेच कळेल. प्रॉडक्शन सर्व्हर झोपला तर 'आपोआप झालं' म्हणून सुटता येतं का? आरसीए लिहावा लागतो: कोणी काय बदललं, कोणी मंजूर केलं, कोणी बघूनही गप्प बसलं. भूत म्हणजे मालिकावाल्यांचं 'आपोआप झालं'.

गंमत म्हणजे गावातल्या गोष्टींना यापेक्षा जास्त शिस्त असते. आमच्याकडे राखणदार मानतात. त्याला हद्द असते, काम असतं, वर्षाचा नारळ ठरलेला असतो. माझा विश्वास आहे की नाही हा प्रश्न वेगळा. पण जमिनीची हद्द सरकवणाऱ्याला घाबरवण्यासाठी ही कल्पना आहे हे उघड आहे. अण्णासारख्यांना चाप बसावा म्हणूनच ती असणार. टीव्हीवर उलटं झालं: हद्द सरकवणाराच बढती मिळून भूत झाला.

आता आक्षेप घेऊ.

एक: 'कोकणाची बदनामी होते.' 2016 मध्ये यावरून सिंधुदुर्गातून विरोधही झाला होता. मला हे पटत नाही. भुताने बदनामी होत नाही. अण्णाला 'आमचो अण्णा' म्हणून डोक्यावर घेतलं, त्याचे मीम फिरवले, त्याची वाक्यं ऑफिसच्या ग्रुपवर टाकली, त्याने होते. माईचं मीम कितीजणांनी फॉरवर्ड केलं? शकुंतला नरेंनी जे गप्प बसून सोसणं दाखवलं ते ज्याच्या घरात आहे, त्याला ते फॉरवर्ड करवत नाही.

दोन: 'करमणूक आहे रे, एवढा विचार कशाला?' करमणूकही नीट करता येते. 'असंभव' (2007 ते 2009) मध्ये पुनर्जन्म होता, मंत्रतंत्र होते. पण नीलम शिर्केची सुलेखा भीतीदायक होती ती तिच्या हावेमुळे. अमानवी गोष्टी होत्या, तरी जबाबदारी माणसाचीच राहिली.

आणि हा फरक फक्त पडद्यावरचा नाही. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी त्याचा कायदा झाला. त्यात भूत उतरवण्याच्या नावाखाली एखाद्याला बांधून ठेवणं, मारहाण करणं हा गुन्हा आहे. भूत आहे की नाही या वादात कायदा पडत नाही. तो एवढंच विचारतो की मारलं कोणी. मालिकेच्या लेखकाने हा एक प्रश्न भिंतीवर चिकटवून ठेवला तरी पुरे.

कारण ज्या घरात बाईला 'लागलंय' म्हणतात, तिथे बहुतेक वेळा तिला काहीतरी बोलायचं असतं. वाटणीबद्दल, नवऱ्याबद्दल, सासऱ्याबद्दल. भूत म्हटलं की तिचं ऐकायला नको.

असो. चौथं पर्व कधी काढलंच तर त्यात भूत नसलं तरी चालेल. माईला एकदा ओसरीवर बसवा, सगळे कागद तिच्या पुढ्यात ठेवा आणि तिला बोलू द्या. पांडूचं ते 'इसरलंय' आपल्याला फार आवडलं होतं. पण माई काही विसरली नसेल, पैजेवर सांगतो.