उभ्याने झाडणे

आमच्या टिटवाळ्यात घर झाडणे हे दिवसातून एकदा उरकून टाकायचे काम नाही. चारी बाजूंनी उठणाऱ्या इमारती, सिमेंटचे मिक्सर, रेतीचे डंपर, आणि पाऊस संपला की नदीकाठच्या गावांतून पेटणाऱ्या वीटभट्ट्या. सकाळी पुसलेल्या खिडकीच्या कट्ट्यावर संध्याकाळी बोटाने नाव लिहिता येते. मुंबईतली भाड्याची खोली सोडून स्वस्त घरासाठी इथे आलेल्या आमच्यासारख्या कुटुंबांना मोकळी हवा मिळाली आणि तिच्याबरोबर ही धूळही मिळाली. त्यामुळे माझ्यासारख्या यंत्रवेड्या माणसाने नवा व्हॅक्यूम क्लीनर आणला याचे शेजाऱ्यांना विशेष काही वाटले नाही. तो घेऊन घरभर फिरणारा माणूस बायको नसून मी आहे, याचे मात्र वाटले.

हा व्हॅक्यूम क्लीनर आपल्याकडे सहसा दिसतो तसा नाही. आपल्याकडचा म्हणजे जमिनीवर लोळणारा डबा किंवा पिंप, त्याला जोडलेली लांब नळी, आणि नळीच्या टोकाला तोंड. हा 'अपराइट' आहे, म्हणजे उभा. खाली रुंद तोंड, त्यात गरगर फिरणारा ब्रशचा रूळ, वर मोटर आणि धुळीचे पारदर्शक भांडे, आणि कमरेच्या उंचीवर मूठ. मूठ मागे कलवायची आणि ढकलत चालायचे. आखाती देशांत, जिथे बऱ्याच घरांत गालिचे असतात, तिथे हा प्रकार मिळतो. माझाही तिथूनच आला. कुवेतला असलेला मेहुणा सुट्टीवर येताना घेऊन आला. त्याचा तीन चपट्या पायांचा, आत फ्यूज असलेला प्लग आपल्या सॉकेटमध्ये बसत नाही. तेवढा बदलून घेतला. वीजदाब दोन्हीकडे जवळपास सारखाच, त्यामुळे बाकी काही करावे लागले नाही.

यंत्रावर ९०० वॅट लिहिले आहे. हे पाहून शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, "भाईजान, एवढ्यात काय होणार? आमचा सोळाशेचा आहे." हा गैरसमज दुकानदारांनी जोपासलेला आहे. वॅट म्हणजे यंत्र किती वीज खाते त्याचा आकडा. ते किती ओढते त्याचा नव्हे. युरोपीय संघाने २०१४ साली घरगुती व्हॅक्यूम क्लीनरला १६०० वॅटची मर्यादा घातली आणि २०१७ साली ती ९०० वर आणली. तेव्हा तिकडेही ओरड झाली होती. कंपन्यांनी मग पंख्याची रचना, हवेचा मार्ग आणि तोंड यांवर मेहनत घेतली. उभ्या यंत्रात तर नुसत्या ओढण्यावर भिस्तच नसते. ब्रशचा रूळ गालिच्याचे तंतू विंचरतो, आपटतो, आतली माती सैल करतो, आणि मग हवा ती उचलते. ९०० वॅटला २३० व्होल्टवर चार अँपिअर लागतात, म्हणजे आपले साधे सहा अँपिअरचे सॉकेट पुरते.

ही जात एका झाडूवाल्याने जन्माला घातली आहे, हे मला फार आवडते. त्याच्या आधी, १९०१ साली, लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथने हवा ओढणारे यंत्र काढले होते. पण ते घोडागाडीवर यायचे, रस्त्यावर उभे राहायचे आणि त्याच्या नळ्या खिडकीतून घरात जायच्या. बड्या लोकांचा खेळ. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कँटन गावी जेम्स मरे स्पँगलर नावाचा माणूस एका मोठ्या दुकानात साफसफाईचे काम करी. त्याला दमा होता आणि झाडताना उडणारी धूळ त्याला सोसवत नसे. त्याने पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि धूळ साठवायला उशीचा अभ्रा, असे जोडून यंत्र बनवले. २ जून १९०८ रोजी त्याला पेटंट मिळाले. ते विकत घेतले हूव्हरने, ज्याचा धंदा तोवर घोड्यांच्या खोगिरांचा आणि कातडी सामानाचा होता. इंग्लंडात आजही झाडण्याला 'हूव्हर करणे' म्हणतात. 'स्पँगलर करणे' कोणी म्हणत नाही.

आपल्याकडे व्हॅक्यूम क्लीनर घरोघर पोहोचवला तो युरेका फोर्ब्सने. १९८२ साली सुरू झालेल्या या कंपनीचे टाय बांधलेले तरुण दारोदार फिरून 'युरोक्लीन' विकत. गादीवर यंत्र फिरवून ते आतली धूळ पांढऱ्या कापडावर काढून दाखवत आणि घरातली बाई ओशाळून जाई. पुढे बऱ्याच घरांत ते यंत्र माळ्यावर गेले. मला विचाराल तर त्यात दोष यंत्राचा नव्हता. आपली घरे शहाबादी, मोझॅक आणि टाइल्सची. त्यांना फडा आणि ओले फडके पुरत होते.

आता पंधरा दिवसांचा अनुभव. टाइल्सवर हे यंत्र मला ठीकठाक वाटले, त्याहून जास्त नाही. ब्रश चालू ठेवला तर तांदळाचा दाणा, खजुराची बी, मुलांचे खोडरबर हे आत जाण्याऐवजी मागे उडते आणि आपल्याच घोट्यावर येऊन आपटते. ब्रश बंद करण्याचे बटण आहे. ते दाबले की काम नीट होते, पण मग उभ्या यंत्राचे वैशिष्ट्यच उरत नाही. दिवाणाखाली ते जात नाही, कारण मोटरचा भाग आडवा केला तरी वीतभर जाड आहे. कोपऱ्यात दोन बोटांची पट्टी उरतेच. आमच्या घरात बायको, दोन मुली आणि अम्मी, म्हणजे लांब केस भरपूर. आठवड्याला रूळ बाहेर काढून कात्रीने केस कापावे लागतात. वजन सुमारे सात किलो. ढकलताना जाणवत नाही, जिना चढवताना जाणवते. आवाज इतका की दाराची बेल ऐकू येत नाही.

फिल्टरबद्दल जरा सविस्तर. यात 'हेपा' प्रकारचा फिल्टर आहे. या प्रकाराची कसोटी अशी की ०.३ मायक्रॉन आकाराच्या १०,००० कणांपैकी ९,९९७ अडले पाहिजेत. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज करा. फडा नेमका इथेच कमी पडतो. तो कचरा गोळा करतो आणि बारीक धूळ उडवतो. ती तासाभराने पुन्हा खाली बसते, तोवर आपण ती श्वासात घेतो. पण भांडे रिकामे करताना बेफिकिरी केली तर फिल्टरची सगळी मेहनत फुकट जाते. मी ते गॅलरीत, पिशवीत घालून रिकामे करतो. मोटरआधीचा स्पंजचा फिल्टर धुऊन २४ तास वाळवावा असे पुस्तिकेत लिहिले आहे. पुस्तिका लिहिणाऱ्याने टिटवाळ्याचा जुलै पाहिलेला नाही. दुसरा संच हाताशी असल्याशिवाय इथे पावसाळ्यात हे यंत्र चालणार नाही.

दिवेलागणीनंतर झाडू नये, हा संकेत अम्मीही पाळते. तो मशीनला लागू आहे का, यावर आमच्याकडे अजून एकमत झालेले नाही.

एवढ्या तक्रारी सांगूनही हे यंत्र मला आवडले आहे, आणि कारण धुळीचे नाही. ते चालवताना माणूस ताठ उभा असतो. आपला फडा किंवा शिंदीच्या पानांची केरसुणी हातात घेतली की कमरेत वाकावेच लागते किंवा उकिडवे बसून सरकावे लागते. दांडा लांब करायला काहीच अडचण नव्हती. मग तो आखूड का राहिला? मला वाटते, ज्यांच्या कमरा दुखत होत्या त्यांना कोणी विचारले नाही. आमच्याकडे लादी-झाडूला येणाऱ्या ताई चार घरे करतात. त्यांना यंत्र दाखवले. त्यांनी दोन खोल्या फिरवल्या आणि म्हणाल्या, "भाभी, वजन आहे, पण गुडघा वाचला." नंतर जरा थांबून विचारले, "आता झाडूचे पैसे कापणार का?" बायकोने लगेच सांगितले, पगार तोच. या प्रश्नाचे उत्तर यंत्र घरात आणण्याआधी ठरवायला हवे. यंत्राने वाचवलेली मेहनत तिची. तिचा फायदा आपण खिशात घालायचा, हा व्यवहार होऊ शकत नाही.

पाश्चात्य देशांत काय झाले ते रूथ श्वार्ट्झ कोवन या अभ्यासक बाईंनी १९८३ च्या 'मोअर वर्क फॉर मदर' या पुस्तकात मांडले आहे. पूर्वी घरातले पुरुष आणि मुलगे जड गालिचे अंगणात नेऊन काठीने बडवत. व्हॅक्यूम क्लीनर आला, गालिचा बाहेर न्यायची गरज संपली, आणि ते कामही बाईकडे आले. शिवाय वर्षातून एकदोनदा व्हायची ती सफाई आता दर आठवड्याला अपेक्षित झाली. आपल्याकडे २०१९ च्या सरकारी पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो आणि पुरुषाचा ९७, असे दिसले. त्यातही घरकामाला हात लावणारे पुरुष शंभरातले २६.

मला मात्र आमच्या घरात उलटे घडताना दिसते आहे. आमच्याकडे येणारे पुरुष नातेवाईक, ज्यांनी जन्मात केरसुणीला हात लावला नाही, ते "बघू, बघू" म्हणत मूठ हातात घेतात आणि अख्खा हॉल साफ करून देतात. यंत्र चालवण्यात कमीपणा नाही, झाडू मारण्यात आहे. हा कमीपणा केवळ बाईपणाचा नाही, जातीचाही आहे. गाडगेबाबा हातात खराटा घेऊन गावोगाव फिरले ते उगीच नाही. आपण मुसलमान 'आमच्यात जातपात नाही' असे सहज म्हणतो. मग लालबेगी आणि हलालखोर या जमाती कोणत्या कामासाठी ओळखल्या गेल्या, आणि त्यांच्याशी सोयरीक करायला किती घरे तयार असतात? प्रेषित मुहम्मद (स.) घरी काय करत, असे हजरत आयेशांना विचारले गेले तेव्हा घरच्यांच्या कामात असत, असे त्यांनी सांगितल्याचे बुखारीत आहे. जुम्याच्या बयानात मी हा प्रसंग फारसा ऐकलेला नाही. यंत्राच्या निमित्ताने का होईना, पुरुषांचे हात या कामाला लागत असतील तर मी त्या खोट्या प्रतिष्ठेचा फायदा घ्यायला तयार आहे.

या यंत्राची खरी जागा माझ्या दोन खोल्यांच्या घरात नाही, हेही स्पष्ट सांगतो. ती मशिदीत आहे. गेल्या आठवड्यात आमच्या भागातल्या एका मशिदीत परवानगी घेऊन ते नेले. तिथला गालिचा रोज फड्याने झाडला जातो, दिसायला स्वच्छ आहे. दोन सफ पुऱ्या व्हायच्या आत भांडे करड्या, पिठासारख्या धुळीने भरले. मुअज्जिनसाहेब बघतच राहिले. त्या गालिच्यावर दिवसातून पाच वेळा आपण कपाळ आणि नाक टेकवतो. कोकणपट्टीच्या दमट हवेत अशा गालिच्यात धुळीतले सूक्ष्म किडे वाढतात. ते माणसाच्या गळालेल्या त्वचेच्या कणांवर जगतात आणि दमेकऱ्यांना त्यांचा त्रास होतो. सजद्यातून उठताना खोकणारे म्हातारे प्रत्येक मशिदीत असतात. ते सगळे खोकणे वयाचे नसते.

आपल्या मशिदींत झुंबरे आली, एसी आले, संगमरवर आला. सफाईचे साधन मात्र तोच आखूड फडा, आणि तो धरणारा माणूस बहुधा सगळ्यांत कमी पगाराचा, कमरेतून वाकलेला. मदिन्यातल्या मशिदीची झाडलोट करणारी एक काळी स्त्री वारली, लोकांनी प्रेषितांना न कळवता तिला दफन केले. ती दिसत नाही म्हणून त्यांनी चौकशी केली आणि कळल्यावर तिच्या कबरीवर जाऊन नमाज पढली. हा प्रसंग बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे आणि आपल्या बहुतेकांना तो माहीत आहे. आपल्या मशिदीचा गालिचा कोण झाडते, त्याचे नाव काय, हे किती जणांना माहीत असते?

घरोघरी एकेक यंत्र घेण्यापेक्षा एका मशिदीला एक, किंवा एका इमारतीला एक असे घ्यावे, असे माझे मत आहे. टाइल्सच्या घरात महिन्यातून दोनदा गादी, सतरंजी, जानमाज आणि पडदे यांच्यासाठी ते लागते. बाकी दिवस लांब दांड्याचा झाडू आणि ओला पोछा पुरे. मशिदीसाठी उभाच प्रकार घ्या. तारेची लांबी पाहून घ्या, माझी आठ मीटर आहे आणि मोठ्या सभागृहाला ती कमी पडते. फिल्टरचे दोन संच मागा. ब्रशचा पट्टा आणि फिल्टर कल्याणपर्यंत कुठे मिळतील हे पैसे देण्याआधी विचारा, कारण कुवेतहून येणारा मेहुणा दर वेळी हाताशी नसतो.

मशिदीच्या कमिटीपुढे विषय ठेवला आहे. पैशांवर कोणी अडले नाही. पहिला प्रश्न आला, हे रोज चालवणार कोण? मी सुचवले की गालिच्यासाठी आठवड्यातून दोन दिवस पुरतील आणि इशानंतर दोघादोघांच्या पाळ्या लावाव्यात, मुअज्जिनसाहेबांना त्यातून वगळून. आतापर्यंत पाच नावे आली आहेत. त्यातली तीन विशीतल्या मुलांची आहेत. त्यांतल्या एकाने ब्रशचा रूळ मुद्दाम माझ्याकडून उघडायला शिकून घेतला.