कसुती की वाकळ?

जत हा महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरचा तालुका. येथे मराठीबरोबर कन्नडही सहज बोलली जाते. जुन्या कपड्यांच्या एकाच पांघरुणाला कोणी वाकळ म्हणते, कोणी कौदी. सुईकामाचा छंद जोपासू पाहणाऱ्या येथील गृहिणीसमोरही दोन वाटा असतात : धारवाडकडची कसुती आणि घरोघरची वाकळ.

कसुतीत कापडावर नक्षी आधी रेखाटत नाहीत. उभे-आडवे धागे मोजत टाके घालावे लागतात आणि गाठ कोठेही मारली जात नाही. गवंती हा सरळ टाका, मुर्गी पायऱ्यांसारखा. या दोहोंत कापडाच्या दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. नेगी विणीसारखी भासते, तर मेंथी हा फुलीचा टाका. या चारांतूनच गोपूर, रथ, हत्ती, तुळशीवृंदावन साकारते. मात्र मोजणीत एक धागा चुकला की चूक पुढे वाढत जाते आणि उसवण्यावाचून गत्यंतर उरत नाही. पूर्वी या कामास रेशीम वापरीत. रेशीम वर्ज्य असलेल्या घरी सुती धाग्यानेही ते तितकेच शोभते.

वाकळीचा स्वभाव निराळा. जुनी लुगडी, धोतरे एकावर एक अंथरावीत, वर ठिगळे मांडावीत आणि जाड सुईने धावदोरा घालीत जावे. दुकानातून हाक आली, तर सुई खोचून उठता येते. टाका किंचित वाकडा गेला म्हणून ऊब कमी होत नाही. शिवाय चौघी मिळून बसता येते.

तेव्हा ज्या गृहिणीला दुपारी सलग तासभर निवांतपणा, भरपूर उजेड आणि तीक्ष्ण नजर लाभली आहे, तिने कसुती घ्यावी. जिचा वेळ तुकड्या-तुकड्यांनी मिळतो, तिला वाकळ सोयीची.

परंतु निवडीपूर्वी घरात एकदा पाहावे. एखाद्या घरी कसुती जाणणारी आजी असते. तिचे नमुने कागदावर नसतात; ते तिच्या बोटांत आणि मोजणीत असतात. आता तिला सुईत दोरा ओवता येत नाही, तरी जुन्या पदरावर बोट फिरवून ती टाक्यांची घरे अचूक सांगते. अशा घरी सोय-गैरसोय बाजूला ठेवावी. हातभर मॅटीचे कापड आणावे, नातीने दोरा ओवावा, आजीने मोजावे. प्रारंभ गवंतीच्या एका सरळ ओळीने करावा.

वाकळ पुढच्या उन्हाळ्यातही शिवता येईल. आजीची मोजणी तोवर थांबेलच, असे नाही.