डोळ्यात थेंब घालून

दिवाळीला घरी गेले होते. सायखेड्याला. (पुण्यातल्या मैत्रिणींना 'नाशिकजवळ' म्हटलं की त्या लगेच वाइन टूरचा प्लॅन करतात. बायांनो, आमच्याकडे कांदा असतो!) चॉकलेट शोधायला फ्रिज उघडला, तर दाराच्या कप्प्यात नानांची आयड्रॉप्सची बाटली. हलवून पाहिली. अर्ध्याहून जास्त भरलेली. बिल ऑगस्टचं.

आता गणित ऐका. औषध लॅटॅनोप्रॉस्ट, बाटली अडीच मिलीची. त्यात साधारण 80 थेंब. दोन डोळ्यांत रोज रात्री एकेक, म्हणजे चाळीसेक दिवसांत बाटली संपायला हवी. शिवाय उघडल्यावर चार-सहा आठवड्यांत टाकून द्यायची, उरली तरी.

"नाना, ड्रॉप्स घालता ना रोज?"

"घालतो की."

बॉसला 'पाच मिनिटांत मेल टाकते' सांगताना आपला जो टोन असतो ना, सेम तोच.

नानांना काचबिंदू आहे. मोतीबिंदू नव्हे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की माणसाला दिसायला लागतं आणि घरात पेढे वाटतात. काचबिंदूत डोळ्यातल्या दाबामुळे मागची नस हळूहळू मरते. आधी कडेची नजर जाते, त्यामुळे पत्ताच लागत नाही, आणि गेलेली परत येत नाही. थेंब फक्त उरलेली नजर राखतात. म्हणजे घालून काही 'बरं' वाटत नाही, उलट चुरचुरतं, डोळे लाल होतात. 2019 च्या ऑगस्टमध्ये गोदावरी गावात शिरली, तेव्हा धरणातून पाणी सोडल्याचे इशारे तरी येत होते. इथे तेही नाही.

नाना खोटारडे नाहीत हो. थेंबांची वेळ रात्री नऊची, आणि शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीची असली की नाना जेवून थेट मोटर चालू करायला मळ्यात. बाटली फ्रिजमध्ये, नाना कांद्यात.

खरी गोची पुढे आहे. नाशिकच्या डॉक्टरांकडे जायचं ठरलं की आधीचा आठवडाभर नाना न चुकता थेंब घालायचे. परीक्षेआधी व्हायवाची जर्नल पूर्ण करतो तसं. त्यामुळे फाइलमध्ये प्रेशर नॉर्मल, आणि फील्ड टेस्टमध्ये मात्र नवीन काळा डाग. डॉक्टर दुसरी बाटली सुरू करायच्या विचारात होते!

हे नानांचंच नाही. अमेरिकेत मायकेल कास या डॉक्टरांनी 1986 मध्ये बाटल्यांना इलेक्ट्रॉनिक मॉनिटर लावून पाहिलं होतं. पेशंट म्हणाले, आम्ही 97 टक्के डोस घेतले. मॉनिटर म्हणाला 76. आणि अपॉइंटमेंटच्या आदल्या दिवशी सगळे एकदम शहाणे! मी हसले, आणि मग तीन दिवसांत सोडून दिलेला अँटिबायोटिक्सचा कोर्स आठवला.

या वेळी मी नानांबरोबर गेले आणि डॉक्टरांना बाटलीचं सगळं सांगून टाकलं. (नाना परतीच्या एसटीत चांदोरीपर्यंत बोलले नाहीत.) डॉक्टर चिडले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "नऊला जमत नाही, मग कधी जमतं?" ठरलं, संध्याकाळी सात, चहाबरोबर. दुसरी बाटली तूर्त कॅन्सल. मग त्यांनी नानांना समोर थेंब घालायला लावले. पहिला गालावर, दुसरा पापणीवर, तिसरा कसाबसा आत! बरोबर पद्धत अशी: मान मागे, खालची पापणी ओढून खळगा करायचा, एकच थेंब, बाटलीचं टोक डोळ्याला लावायचं नाही. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा एक-दोन मिनिटं दाबून ठेवायचा, म्हणजे औषध नाकाघशात उतरत नाही. आईने ते माझ्यापेक्षा लवकर शिकून घेतलं. आता थेंब तीच घालते, आणि कप्प्यातल्या बाटलीवर उघडल्याची तारीख पेनाने लिहिलेली असते.

रोज सातला मी व्हिडिओ कॉल करते. पहिल्या आठवड्यात दोनदा विसरले. मीच.

परवा नाना डोळा दाबून बसले होते, तसेच म्हणाले, "डॉक्टर म्हणत होते, हे घराण्यात असतं. बापाला असलं की पोरांनीही तपासून घ्यायचं. तू दाखवलेस का गं डोळे?"

"दाखवते की," मी म्हटलं.

पलीकडे आई हसली. शनिवारची अपॉइंटमेंट घेतली आहे.