रुग्णालयाची पाटी आणि रुग्णाचा हक्क

2024 च्या ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्रात दहा नव्या वैद्यकीय महाविद्यालयांचा प्रारंभ झाला; जालन्याचे शासकीय महाविद्यालय त्यांपैकी एक. शंभर विद्यार्थ्यांच्या या महाविद्यालयाचे स्वागतच केले पाहिजे. 1981 साली जालना स्वतंत्र जिल्हा झाला. पण गंभीर रुग्णाची साठेक किलोमीटरवरील घाटी रुग्णालयाची वारी चुकली नाही. मंठा-परतूरच्या शेतमजुराला तर ही वाट जवळजवळ दुप्पट पडते.

परंतु महाविद्यालय उभे राहिले म्हणजे आरोग्यसेवा उभी राहिली, असे नव्हे. नांदेडला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय पूर्वीपासून आहे. तरीही 2023 च्या ऑक्टोबरच्या आरंभी तेथील रुग्णालयात चोवीस तासांत 24 रुग्ण दगावले. त्यांत 12 नवजात बालके होती. गावाजवळची रुग्णालये दुबळी राहिली की सारा भार एकाच दारावर येतो आणि दूरचा रुग्ण तेथे उशिराच पोचतो.

दुसरा प्रश्न खर्चाचा. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार निःशुल्क करण्यात आले. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये मात्र वैद्यकीय शिक्षण विभागाच्या अखत्यारीत असतात आणि तो निर्णय त्यांच्यासाठी नव्हता. महाविद्यालयाशी जोडलेल्या जिल्हा रुग्णालयात गरिबाचा केसपेपर पुन्हा पैशाचा होता कामा नये. शासनाने तशी लेखी हमी द्यावी.

ताप, लसीकरण आणि साधे बाळंतपण यांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्र. सर्पदंशाला विलंब न लावता जवळचे ग्रामीण रुग्णालय. अपघातात 108 ची रुग्णवाहिका. गुंतागुंतीच्या आजाराला जिल्हा रुग्णालय, हा क्रम योग्यच आहे. पण जेथे डॉक्टर नाही, तेथे प्रथम जा, असे रुग्णाला सांगणे ही क्रूर थट्टा होय. केंद्र ओस पडले की रुग्ण सावकाराकडून कर्ज काढून खाजगी दवाखान्याची पायरी चढतो.

म्हणून आठही तालुक्यांतील कार्यकर्त्यांनी आपापल्या केंद्रातील रिक्त पदांची आणि औषधसाठ्याची नोंद घ्यावी. रुग्णाला पुढे पाठवायचे तर लेखी चिठ्ठी आणि रुग्णवाहिका मिळालीच पाहिजे, असा आग्रह धरावा. जालन्यातील नव्या पाटीचा अर्थ मंठ्याच्या बाळंतिणीला आपल्या गावात कळेल, तेव्हाच ते महाविद्यालय जनतेचे ठरेल.