पाऊस सरला, आता पन्हळीकडे बघा

मे महिना आला की कोकणात घरोघरी शाकारणीची लगबग सुरू होते. फुटकी कौले बदलली जातात, पन्हळी झाडल्या जातात, गच्चीवरचा पालापाचोळा उचलला जातो. हे काम आपण पिढ्यान् पिढ्या करत आलो आहोत. मात्र पाऊस संपताना, म्हणजे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर या दिवसांत, छपराकडे कोणी मान वर करून पाहत नाही. "आता कुठे पाऊस आहे? पुढच्या वर्षी बघू," असे म्हणून विषय संपतो. खरे तर पन्हळीला सगळ्यात जास्त गरज असते ती याच दिवसांत.

चार महिन्यांच्या पावसात छपरावरून काय काय वाहून येते ते आठवा. आंब्या-फणसाची पाने, माडाच्या झावळ्यांचे तुकडे, शेवाळ, कबुतरांची पिसे, कौलांचा भुगा. हे सगळे पन्हळीच्या तळाशी आणि खाली उतरणाऱ्या पाइपाच्या वळणात बसते. ओले असते तोवर हाताने निघते. ऑक्टोबरच्या उन्हात वाळले की त्याचा थर घट्ट होतो आणि मे महिन्यात तो खुरप्याने खरवडावा लागतो. पन्हळ पत्र्याची असेल तर त्या ओल्या गाळाखाली गंज धरतो. गच्चीच्या कोपऱ्यात मातीचा असा थर साचला, की पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेले पिंपळाचे बी तिथे रुजते. बोटभर रोप चिमटीने उपटता येते. दोन वर्षांनी त्याचीच मुळे स्लॅबच्या फटीत शिरली की गवंडी बोलवावा लागतो.

आणि पाऊस तरी खरेच गेलेला असतो का? मोसमी वारे महाराष्ट्रातून साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात माघारी फिरतात. जाता जाता दुपारनंतर ढग दाटतात, गडगडाट होतो आणि तासाभरात धो धो पाऊस पडून जातो. मी वर्गात मुलांना घालते तोच हिशेब इथे मांडते. 1 चौरस मीटर जागेवर 1 मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे 1 लिटर पाणी. घराचे छप्पर 10 मीटर लांब आणि 6 मीटर रुंद असेल, तर 20 मिलिमीटरच्या एका सरीत त्यावर 1200 लिटर पाणी पडते. म्हणजे 200 लिटरचे सहा पिंप! पन्हळ तुंबलेली असेल, तर हे पाणी काठावरून उसळून भिंतीवर येते. मग ओल चढते, वाशांची टोके कुजतात, वाळवी लागते. भिंतीतल्या वीजवाहिन्यांपर्यंत ओल पोचली तर बटणाला हात लावायचीही भीती. घरे एकमेकांना लागून असतील तर आपल्या पन्हळीचे पाणी शेजाऱ्याच्या भिंतीत मुरते. हमसायाचा हक्क आपण जाणतो, तो इथेही लागू होतो.

दुसरी गोष्ट तापाची. पावसाळा सरता सरता वर्गातल्या हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा वाढतात. त्यातले काही ताप डेंग्यूचे निघतात. डेंग्यू पसरवणारा एडिस डास घाण नाल्यापेक्षा घराजवळच्या साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंडे ते उडता डास व्हायला उष्ण हवेत साधारण आठ-दहा दिवस पुरतात. आपण कुंडीखालची ताटली, कूलर, टायर सगळे तपासतो. पन्हळ डोक्याच्या वर असते, म्हणून ती राहून जाते. शिवाय ही मादी पाण्याच्या रेषेच्या थोडे वर, भांड्याच्या काठाला अंडी चिकटवते आणि ती अंडी कोरड्या जागीही अनेक महिने टिकतात. म्हणून नुसते पाणी ओतून देणे पुरत नाही. ब्रशने काठ घासून धुवायला हवा.

काम कसे करावे? सलग दोन-तीन कोरडे दिवस बघावेत. गाळ हाताने किंवा छोट्या खुरप्याने काढून बादलीत भरावा, पाइपात ढकलू नये. मग एका टोकाकडून पाणी सोडून पाहावे. पाणी मध्येच थांबले तर उतार बिघडला आहे असे समजावे. तीन मीटरला साधारण एक सेंटिमीटर उतार पुरतो. ढिला झालेला आकडा घट्ट करावा. पाइपाच्या तोंडाशी जाळी बसवावी. गच्ची असेल तर तिथल्या पाइपाची जाळी काढून आतला कचराही उपसावा. काढलेला पाला कुजला की झाडांना खत होतो. वाळलेला पाला छपरावर ठेवू नये. दिवाळीत एखादा बाण तिथे येऊन पडला तर पेटायला वेळ लागत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचे. आपल्यातल्या कितीतरी घरांतले कर्ते पुरुष आखातात किंवा मुंबईत असतात. गावच्या घरी अम्मी, सून आणि मुले. "साहेबजादे सुट्टीवर येतील तेव्हा बघू," म्हणून पन्हळ वर्षभर राहते; नाहीतर शाळकरी मुलाला शिडीवर चढवले जाते. ही दोन्ही टोके टाळा. शेवाळ धरलेल्या कौलावरून पाय सटकतो आणि सिमेंटच्या पत्र्यावर तर पाय ठेवूच नये, तो वजनाने अचानक फुटतो. शिडी सपाट जमिनीवर टेकवावी, खाली एकाने धरावी, वरून जाणाऱ्या विजेच्या तारेपासून लोखंडी शिडी दूर ठेवावी. उंची जास्त असेल तर माहीतगार माणसाला मजुरी देऊन काम करून घ्यावे. त्या मजुरीत हात आखडू नये. मोडलेल्या हाडाचा खर्च त्याच्या कितीतरी पट असतो. चार घरांनी मिळून एकच माणूस बोलावला तर सगळ्यांनाच परवडते.

ज्यांना वर चढायचे नाही, त्यांनाही करण्यासारखे काम आहे. पाऊस पडत असताना दारात उभे राहून पाणी कुठून पडते ते बघा. पाइपाच्या तोंडातून पडले तर ठीक. मधूनच धार लागली, भिंतीवर काळा पट्टा उमटला, पन्हळीतून गवत डोकावू लागले, तर तिथे गाळ आहे हे खालूनच कळते. ती जागा खडूने भिंतीवर खूण करून ठेवा. काम करायला येणाऱ्याला ती दाखवा आणि झाल्यावर बादलीभर पाणी ओतून तुमच्या डोळ्यांसमोर वाहून जाऊ द्या. मगच पैसे द्या.