नाट्यगृहाचे भाडे आणि चातुर्मास

जयपूरच्या राजा पार्क भागातील एका हौशी नाट्यगटाच्या दोन तरुणांनी मध्यंतरी एका अर्जाचा मसुदा माझ्याकडे वाचावयास दिला. परिसरातील सार्वजनिक सामुदायिक केंद्राचे सभागृह तालमींसाठी आणि महिन्यातून एखाद्या प्रयोगासाठी ‘निःशुल्क’ मिळावे, अशी त्यात विनंती होती. आजवर ही मंडळी एका गच्चीवर तालमी करीत आली. हिवाळ्यात थंडी आणि उन्हाळ्यात शेजारी, असे त्यांचे दोन शत्रू. अर्जाची भाषा नम्र होती, किंबहुना नको तितकी नम्र होती. तो वाचताना मला माझीच एक जुनी टिप्पणी आठवली.

दोन दशकांहून अधिक काळ लोटला. एका अन्य शहरात असताना एका शासकीय सभागृहाची नस्ती माझ्यासमोर आली. एक नाट्यसंस्था ते सभागृह कित्येक वर्षे कोणा पूर्वीच्या अधिकाऱ्याच्या तोंडी अनुमतीवर वापरीत होती आणि लेखापरीक्षकांनी त्यावर आक्षेप घेतला होता. मी बाजारभाव काढला, त्याला तासांनी आणि वर्षांनी गुणले आणि ‘महसुलाची हानी’ या शीर्षकाखाली एक भरभक्कम आकडा मांडला. टिप्पणीत एकही चूक नव्हती. संस्था बाहेर पडली. नव्या दराने ते सभागृह घ्यायला कोणीही आले नाही आणि माझी बदली होईपर्यंत मी रोज त्याच्या दाराचे कुलूप पाहत कार्यालयात जात असे. एखाद्या वस्तूचा खरा खर्च म्हणजे ती दुसऱ्या कोणाला देता आली असती त्याचे मोल, हे अर्थशास्त्राच्या पहिल्याच वर्षात शिकवतात. मी एम. ए. होऊनही ते विसरलो होतो. दुसरा कोणी घेणाराच नव्हता; तेव्हा हानी झाली ती कसली?

म्हणून माझे म्हणणे असे की, सार्वजनिक सभागृह नाट्यगटाला देताना आपण ज्या प्रश्नावर सर्वाधिक वेळ घालवतो, तो भाड्याचा प्रश्न सर्वांत गौण आहे. प्रश्न मुदतीचा आहे, आणि ती मुदत कागदावर आहे की कोणाच्या मर्जीवर, याचा आहे.

वास्तू उभारण्यात आपण मागे नाही. रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने 1961च्या आगेमागे देशात ठिकठिकाणी त्यांच्या नावाची नाट्यगृहे झाली. राजा पार्कहून जवळच, रामनिवास बागेतला रवींद्र मंच 1963चा. पुढे याच शहरात चार्ल्स कोरिया यांनी नवग्रहांच्या नऊ चौकांवर जवाहर कला केंद्र रचले. पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर 1968चे, महापालिकेचे. ही सारी नाट्यगृहे तारखेने मिळतात. दिवस मागा, भाडे भरा, प्रयोग करा, नेपथ्य उचला. ज्याचे नाटक आधीच उभे आहे, त्याला ही व्यवस्था पुरेशी आहे. परंतु नाटक उभे राहते ते तारखेच्या आधीच्या दोन-तीन महिन्यांत, आणि त्या महिन्यांसाठी कोणत्याही दरपत्रकात रकाना नसतो.

हा रकाना मराठी रंगभूमीने कसा भरला, ते पाहण्यासारखे आहे. 1971 साली अरविंद व सुलभा देशपांडे, अरुण काकडे आदींनी ‘आविष्कार’ स्थापन केली. 1974पासून दादरच्या छबिलदास शाळेचे सभागृह या संस्थेला मिळू लागले. धड रंगमंच नाही, खाली बाजाराचा गलबला. पण जागा ठरलेली होती. ती ठरलेली असल्यामुळेच इतर संस्थाही तेथे आल्या, अमोल पालेकरांनी केलेले बादल सरकारांचे ‘जुलूस’ तेथे झाले आणि शाळेचे नाव एका चळवळीला मिळाले. नव्वदच्या दशकाच्या आरंभी तो मुक्काम सुटला आणि ‘आविष्कार’ माहीमच्या महापालिका शाळेत गेली. 1994मध्ये याच संस्थेने महेश एलकुंचवारांची वाडा-नाट्यत्रयी चंद्रकांत कुलकर्णी यांच्या दिग्दर्शनाखाली सलग सादर केली. तीन नाटके एका बैठकीत दाखवायची तर तालमी किती लागतील, आणि त्या दर दिवसाच्या भाड्याने करायच्या म्हटले तर तिकिटाचा दर किती होईल, याचा हिशेब कोणीही करून पाहावा.

हा हिशेब कधीच जुळत नाही, याचे कारण विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी 1966 सालीच सांगितले आहे. कारखान्यात यंत्रे सुधारतात आणि तोच माल कमी श्रमांत निघतो. परंतु सहा नटांचे दोन तासांचे नाटक आजही सहा नटांचे दोन तासच घेते. इतरत्र वेतने वाढली की नाटकाचा खर्चही वाढतो, उत्पादकता मात्र जिथल्या तिथे राहते. अर्थात तूट ही नाट्यसंस्थेच्या अव्यवस्थेची खूण नव्हे, तो त्या धंद्याचा स्वभाव आहे. हौशी गटात नटाला वेतनच नसते, तेव्हा ही तूट जागेच्या भाड्यापाशी येऊन उभी राहते.

न्यूयॉर्क शहराने या बाबतीत जे केले त्याची मला नेहमी गंमत वाटते. जोसेफ पॅप यांच्या नाट्यसंस्थेने तेथील जुन्या ॲस्टर ग्रंथालयाच्या इमारतीत 1967 साली रंगमंच सुरू केला आणि ती कर्जात बुडाली. 1971मध्ये शहराने ती इमारतच विकत घेतली आणि वर्षाला एक डॉलर भाड्याने त्याच संस्थेला पट्ट्याने दिली. आपल्याकडील लेखापरीक्षकाने त्या एका डॉलरवर केवढा परिच्छेद लिहिला असता! पण एक डॉलर घेण्यात शहाणपण होते. भाडे घेतले म्हणजे करार झाला, करार झाला म्हणजे अटी आल्या, आणि अटी आल्या म्हणजे महापौर बदलला तरी संस्था रस्त्यावर येत नाही. फुकट दिलेली जागा ही कृपा असते, आणि कृपेला मुदत नसते, म्हणजेच ती उद्याही संपू शकते.

आपला कायदाही हा भेद ओळखतो. 1882 सालच्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातील पट्टा आणि त्याच वर्षीच्या सुविधाधिकार कायद्यातील अनुज्ञप्ती या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पट्ट्याने जागेत हक्क निर्माण होतो. अनुज्ञप्ती ही केवळ वापराची परवानगी, सर्वसाधारणपणे केव्हाही मागे घेता येण्याजोगी. एक वर्षाहून अधिक मुदतीचा पट्टा नोंदवावा लागतो, म्हणून अकरा महिन्यांचे कागद करण्याची प्रथा पडली. प्रशासनाला अनुज्ञप्ती प्रिय असते, कारण तीत आपले काही अडकत नाही. माझे मत असे की संपूर्ण सभागृहाचा पट्टा कोणा एका गटाला देऊच नये. परंतु ठरावीक वार, ठरावीक वेळ आणि किमान तीन वर्षांची मुदत असलेला लेखी करार द्यावा, आणि तो मुदतीपूर्वी मोडायचा तर कारण लिहून द्यावे लागेल असे कलम त्यात असावे.

यावर रास्त आक्षेप एकच आहे: हाच गट का? सार्वजनिक मालमत्ता मर्जीने वाटता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1979मध्ये मुंबई विमानतळावरील उपाहारगृहाच्या निविदेच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. जे उपाहारगृहाला लागू, ते नाटकालाही लागू. तेव्हा जाहीर सूचना निघावी आणि सर्व गटांना अर्ज करता यावेत. फक्त निवड सर्वाधिक बोलीवर न होता मोबदल्यावर व्हावी. मोबदला म्हणजे परिसरातील मुलांसाठी वर्ग, महिन्याला एक विनामूल्य प्रयोग, सभागृहाची देखभाल. हे सारे मोजता येते, नोंदवहीत लिहिता येते. पोटभाडे आढळल्यास करार रद्द. नाटकवाल्यांना हे रुक्ष वाटेल. काही संस्था एकदा जागा मिळाली की स्वतःला मालक समजू लागतात, हेही मी पाहिले आहे, त्यामुळे त्यांच्या नाराजीची मला फारशी काळजी नाही.

आता राजा पार्कच्या त्या अर्जाकडे येतो. अशी केंद्रे चालतात लग्नांवर. अक्षय तृतीया, देवउठनी एकादशी असे ‘अबूझ सावे’ आले की येथे सभागृह मिळणे म्हणजे भाग्य. त्या दिवशी नाटकवाल्यांना जागा द्या असे म्हणणे वेडेपणाचे ठरेल. तेथे खरोखरच दुसरा घेणारा उभा असतो. पण आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत विवाह होत नाहीत. पुढे डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत मलमास. म्हणजे वर्षातले जवळजवळ पाच महिने लग्नाच्या बाजारात या सभागृहाचे मोल शून्याच्या आसपास असते. आणि योगायोग असा की महाराष्ट्रात राज्य नाट्यस्पर्धेसाठी धडपडणारे गट तालमी करतात त्या बहुतांशी याच चातुर्मासात. परप्रांतातील आपल्या मंडळांच्या गणेशोत्सवातील एकांकिकांचेही तेच. देव झोपलेले असतात तेव्हा हौशी नट जागे असतात.

हे मी त्या तरुणांना सांगितले तेव्हा त्यांना ते पटले, पण अर्जात एकादशीचा उल्लेख करावा का, अशी त्यांना शंका आली. करावा, मी म्हणालो. सभागृहाचे आरक्षण पाहणाऱ्या लिपिकाला अर्थशास्त्र ठाऊक नसले तरी सावे पाठ असतात. मग आम्ही ‘निःशुल्क’ हा शब्द खोडला. त्या जागी आठवड्यातील तीन वार, संध्याकाळी सात ते साडेनऊ, तीन वर्षांची मुदत आणि दरमहा वीजबिलाइतके भाडे लिहिले. लग्नाच्या तारखांना आठ दिवस आधी कळविल्यास जागा सोडण्याची हमीही दिली. मुलांच्या वर्गासाठी त्यांनी रविवारची सकाळ सुचविली. अर्ज पुढच्या आठवड्यात जाईल.